त्या मुलाची अम्मी कुठे आहे?



गेल्या महिन्यात मिरजेची एक कार्यकर्ती भेटायला आली. समाजकार्याच्या पदवीचं शेवटचं वर्ष. दोन वर्षांपासून आपल्या शिबिरांना येते, पथनाट्यात काम करते, चर्चेत हात वर करून भांडते. "भाई, एक शिफारसपत्र पाहिजे होतं," म्हणाली. परीक्षा संपली की ती नेपाळला निघणार होती. काठमांडूजवळच्या एका अनाथालयात सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून. मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं, त्यांच्याकडून चित्रं काढून घ्यायची. एका एजन्सीने सगळं जुळवून दिलं होतं. फी ऐंशी हजार रुपये. त्यात राहणं, जेवण आणि शेवटच्या आठवड्यात पोखरा-चितवनची सहल.

तिचा आनंद बघून मलाही आनंद झाला. कारण या प्रवासामागची लढाई मला ठाऊक होती. ज्या घरात मामूंच्या गावी जायलाही भाऊ सोबत लागतो, त्या घरातली मुलगी गोरखपूरपर्यंत रेल्वेने, पुढे सुनौलीची सरहद्द ओलांडून बसने काठमांडूला जाणार. अब्बा तीन महिने बोलत नव्हते. शेवटी अम्मी मध्ये पडली आणि तिने आपल्या बांगड्या काढून दिल्या. "अच्छा काम है, यतीम बच्चों का काम है, जाने दो" या एका वाक्यावर परवानगी मिळाली होती.

मी पत्र लिहायला घेतलं. एजन्सीचं माहितीपत्रक समोर ठेवलं. मुखपृष्ठावर एक परदेशी तरुणी आणि तिच्या गळ्यात पडलेली चार मुलं. आत मुलांची नावं, वयं आणि प्रत्येकाची दोन ओळींची करुण कहाणी. मी तिला सहज विचारलं, "ही मुलं कुठल्या गावची? यांचे आईवडील कशाने गेले?"

ती म्हणाली, "ते काही दिलेलं नाही. पण भाई, अनाथालय आहे म्हणजे अनाथच असणार ना?"

पत्र तिथेच राहिलं. या प्रश्नाचं उत्तर नेपाळच्या बाबतीत 'नाही' असं आहे, आणि ते जगाला कळून वीस वर्षं होत आली आहेत. आपल्याकडची मुलंमुली अशा कार्यक्रमांना आता जाऊ लागली आहेत. नेपाळला तर आपल्याला व्हिसाही लागत नाही. म्हणून ही गोष्ट सविस्तर सांगतो.

नेपाळच्या वायव्य टोकाला, तिबेटच्या सरहद्दीला लागून हुमला नावाचा जिल्हा आहे. उंच डोंगर, थोडी शेती, आणि ज्या काळाबद्दल आपण बोलतो आहोत त्या काळात तिथे जायला मोटाररस्ताही नव्हता. छोट्या विमानाने सिमिकोटला उतरायचं आणि पुढे दिवसचे दिवस चालायचं. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं नेपाळमध्ये माओवादी आणि सरकार यांच्यात यादवी चालली. खेड्यापाड्यांतून किशोरवयीन मुलांची भरती होऊ लागली. आईबाप घाबरले. अशा वेळी गावात माणसं यायची, चांगल्या कपड्यांतली, गोड बोलणारी. "तुमच्या मुलाला काठमांडूला नेतो, बोर्डिंगच्या शाळेत घालतो. तिथे तो सुरक्षित राहील, शिकून मोठा होईल." त्यासाठी आईबापांनी जमिनी विकल्या, कर्ज काढलं, दलालांच्या हातात पैसे ठेवले आणि मुलं त्यांच्यासोबत पाठवली. कुठल्याही आईने मूल टाकलं नव्हतं. मूल वाचावं, शिकावं म्हणून त्यांनी त्याला लांब पाठवलं होतं.

काठमांडूत पोचल्यावर त्यातली अनेक मुलं 'अनाथ' झाली. कागदोपत्री आईवडील मेले. काहींना बजावून सांगितलं गेलं की कोणी विचारलं तर हेच सांगायचं. कारण तोवर परदेशी पर्यटक येऊ लागले होते. त्यांना हिमालय बघायचा होता आणि सोबत काहीतरी चांगलं कामही करायचं होतं. ते अनाथालयात यायचे, पैसे द्यायचे, देशात परत गेल्यावर मित्रांकडूनही पाठवायचे. मुलं जितकी जास्त आणि जितकी दीनवाणी, तितकी मदत जास्त. काही चालक तर आलेला पैसा मुलांपर्यंत पोचूच देत नसत. धष्टपुष्ट, नीटनेटकी मुलं बघून कोण पाकीट उघडणार?

हे बाहेर कसं आलं, ते सांगण्यासारखं आहे. कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण २००४ साली नेपाळला आला. वर्षभराच्या जगप्रवासावर निघाला होता. आपण नुसती चैन करतो आहोत असं लोकांना वाटू नये म्हणून सुरुवातीला थोडं समाजकार्य ठेवलं, असं त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहिलं आहे. काठमांडूच्या दक्षिणेला गोदावरी गावात एका बालगृहात तो राहिला. मुलांनी त्याला लळा लावला. आणि एके दिवशी त्यातल्या दोन मुलांची आई येऊन उभी राहिली. जिवंत. मग एकेक धागा उलगडत गेला. बाकीच्या मुलांचेही आईवडील असणार, हे लक्षात आलं. २००६ साली त्याने 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था काढली आणि मुलांचे फोटो घेऊन तो स्वतः हुमल्याच्या डोंगरात चालत गेला, गावोगाव आईबाप शोधत. ते सापडले. ज्यांना वाटत होतं मूल शाळेत आहे, किंवा ज्यांनी मूल गेलं असंच धरलं होतं, अशांच्या दारात हा परका माणूस फोटो घेऊन उभा राहिला. 'लिटल प्रिन्सेस' हे त्याचं पुस्तक ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावं.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे की मुलांना खेळवण्यापेक्षा त्यांच्या घरचा पत्ता शोधणं ही त्याची खरी मदत ठरली. आणि ती सहा आठवड्यांत होणारी नव्हती.

नकाशा समोर घेतला तर हा सगळा व्यवहार एका नजरेत कळतो. नेपाळातली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत एकवटलेली. पोखरा कास्की जिल्ह्यात येतं, गेंड्यांचं अभयारण्य चितवनमध्ये. म्हणजे जिथे पर्यटक, तिथे अनाथालय. गरिबी सर्वांत जास्त होती ती हुमल्यासारख्या दूरच्या जिल्ह्यांत, पण तिथे बघायला येणारं कोणी नव्हतं. आमच्या कार्यकर्तीच्या सहलीत नेमकी हीच दोन नावं होती, हे आता पुन्हा वर जाऊन वाचा.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात मोठा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं गेली. जगभरातून मदत निघाली आणि तिच्यासोबत भूकंपात अनाथ झालेल्या मुलांना सांभाळण्यासाठी निघालेले स्वयंसेवकही. त्या वेळी नेपाळ सरकारने काय केलं? मुलांना कागदपत्रांशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. आपत्तीत अशी संस्था उघडली की ती भरण्यासाठी मुलं शोधली जातात, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

नेपाळ हा अपवाद नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. युद्ध तर कधीच संपलं होतं, मग इतके अनाथ आले कुठून? युनिसेफच्या मदतीने झालेल्या पाहणीत दिसलं की तिथल्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांचे आई किंवा वडील, किमान एक पालक हयात होते. वाढले होते ते अंकोरवाट बघायला येणारे पर्यटक. ऑस्ट्रेलियातून असे स्वयंसेवक फार मोठ्या संख्येने जात. त्या देशाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अनाथालय भरण्यासाठी होणारी मुलांची तस्करी हाही गुलामगिरीचाच प्रकार आहे, हे तिथे मान्य केलं गेलं. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही आपल्या ठरावात पर्यटनाच्या अंगाने चालणाऱ्या अनाथालय-स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख केला.

हे सगळं ऐकून ती मुलगी म्हणाली, "पण भाई, समजा मी जाते ती जागा चांगली असेल. मुलं खरोखर अनाथ असतील. मग?"

प्रश्न बरोबर होता. अशा जागा आहेत आणि तिथे आयुष्य घालवणारी माणसंही आहेत. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण तिथेही सहा आठवड्यांच्या पाहुण्याने मुलाचं काय होतं, ते बघायला हवं. रुमानियात चाउसेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुलं सरकारी संस्थांत होती. पुढे बुखारेस्टमध्ये संशोधकांनी संस्थांतल्या १३६ लहान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. निम्मी मुलं पालक-कुटुंबांत ठेवली, बाकीच्यांची व्यवस्था नेहमीप्रमाणेच चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसं जोडण्याची क्षमता सुधारली. जितक्या लहान वयात घर मिळालं, तितकी जास्त. मुलाला अन्नवस्त्राइतकीच गरज असते ती न बदलणाऱ्या एका माणसाची.

आता आपलं दृश्य बघा. आपण फाटकातून आत शिरतो आणि एक मूल धावत येऊन मिठी मारतं. आपल्याला वाटतं, किती प्रेमळ! ज्या मुलाला घर असतं ते अनोळखी माणूस दिसला की अम्मीच्या ओढणीमागे लपतं. जे मूल कोणालाही मिठी मारतं त्याला कोणीच आपलं नसतं. आपण सहा आठवडे त्याला जीव लावतो, ते लावून घेतं, आणि मग आपण डोळे पुसत बसमध्ये बसतो. पुढच्या सोमवारी दुसरी ताई येते. हे वर्षातून आठ वेळा. आपल्यासाठी तो आयुष्यभराचा अनुभव असतो. त्याच्यासाठी तो आठपैकी एक निरोप असतो.

हे मी नेपाळकडे आणि गोऱ्या पर्यटकांकडे बोट दाखवून लिहितो आहे असं वाटेल. पण माझ्याकडेही एक फोटो आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचा, रमजानमधला. आम्ही सात-आठ मित्र एका यतीमखान्यात इफ्तार घेऊन गेलो होतो. फळं, भजी, रूहअफ्जा. मुलं टोप्या घालून रांगेत बसली होती. आमच्याआधी दोन गट येऊन गेले होते आणि मुलांची पोटं भरलेली होती, तरी ती शहाण्यासारखी खात होती. आम्ही मागे उभे राहून फोटो काढला. निघताना एका मुलाने माझी बाही धरून विचारलं, "चाचा, ईद को अम्मी के पास जाने का किराया मिलेगा?"

अम्मी होती त्याला. सोलापूरकडच्या एका गावात. मी खिशातून पैसे काढून दिले आणि बाहेर येऊन तो प्रश्न विसरून गेलो. परवा ती मुलगी समोर बसली होती तेव्हा तो आठवला.

खरं तर आपल्याला हे आधीपासून ठाऊक असायला हवं होतं. 'यतीम' या शब्दाचा अर्थच मुळी आईबाप दोघेही नसलेलं मूल असा नाही. ज्याचे वडील गेले ते यतीम. म्हणजे बऱ्याचदा अम्मी असते. तिच्याकडे नसतात ते पैसे. आपण जकातीतून, सदक्यातून त्या मुलाला तिच्यापासून लांब ठेवणारी इमारत बांधतो आणि तिला मात्र काही देत नाही. सूरह निसाच्या सुरुवातीलाच यतिमांच्या मालमत्तेबद्दल ताकीद आहे. त्यांचं जे आहे ते त्यांना द्या. अम्मी ही मालमत्तेहून लहान चीज आहे का? पैगंबर साहेब स्वतः यतीम होते. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई. त्यांना वाढवलं आधी आजोबांनी, मग चाचा अबू तालिब यांनी. घरात वाढवलं.

ही घरात सांभाळण्याची आपली परंपरा, कफाला, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही नावासकट आहे. कलम २० वाचा. कुटुंब हिरावलेल्या मुलासाठी कोणते पर्याय असावेत ते सांगताना तिथे दत्तक आणि पालक-कुटुंबासोबत इस्लामी कायद्यातल्या कफालाचा उल्लेख केला आहे, आणि संस्था गरज पडली तरच. आपल्या देशात त्याही पुढे दार उघडं आहे. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या फेब्रुवारीत स्पष्ट केलं की बाल न्याय कायद्याखाली मुस्लिम व्यक्तीही मूल दत्तक घेऊ शकते, कोणाचा व्यक्तिगत कायदा त्याच्या आड येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे.

आणि महाराष्ट्रात तर १९७५ पासून बालसंगोपन योजना आहे. वडील किंवा आई गेलेल्या, घरी संकट असलेल्या मुलाला संस्थेत न टाकता घरीच किंवा नातेवाइकांकडे वाढवता यावं म्हणून ती सरकारी मदत देते. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आणि रक्कम दरमहा २२५० रुपये. फार नाही. पण एका विधवेचं मूल घरी राहायचं की वसतिगृहात, हे कधी कधी तेवढ्यावर ठरतं. आपल्या मोहल्ल्यांत किती घरांना ही योजना माहीत आहे? मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा दाखला गोळा करायचा, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाच्या आणि बालकल्याण समितीच्या चकरा मारायच्या. हे काम समाजकार्य शिकलेल्या मुलीला उत्तम जमतं. तिथे कुठलाही फोटो मिळत नाही, हे मान्य.

हिशेब मी तिच्यासमोरच मांडला. वर्षाचे सत्तावीस हजार. ऐंशी हजारांत एक मूल जवळजवळ तीन वर्षं अम्मीजवळ राहतं. लगेच पस्तावलो, कारण तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी जाऊच नको, असंच ना? घरीही सगळे तेच म्हणत होते. फक्त त्यांची कारणं वेगळी होती."

मित्रहो, हे वाक्य मला लागलं. आपली मुलगी पहिल्यांदा सरहद्द ओलांडते आहे आणि तिच्या वाटेत उभं राहायला आता आम्ही पुरोगामीही! तर स्पष्ट सांगतो. जा. जग बघा. तरुण मुस्लिम मुलींनी तर नक्की जावं, आणि त्यासाठी 'यतीम बच्चों का काम' या सबबीची गरज पडू नये असं वातावरण घराघरांत करायचं काम आपलं आहे. आपल्याला सहलीची परवानगी मिळावी म्हणून कोणाच्या तरी मुलाने अनाथ असावं लागतं, ही अवस्था काही ठीक नव्हे.

कामासाठीच जायचं असेल तर निघण्याआधी विचारा. मुलांचे आईवडील कुठे आहेत आणि गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? चांगल्या संस्थेला याचं उत्तर तोंडपाठ असतं, उलट तिला ते सांगायचंच असतं. तुमच्याकडून पोलिस पडताळणीचा दाखला मागितला का? नसेल मागितला, तर तो कोणाकडूनच मागितला जात नाही. मग त्या दारातून तुमच्यासारखी भली माणसं येतात तशी मुलांचं शोषण करणारीही येतात. इथे जे काम तुम्हाला परवानगीशिवाय करता येत नाही, उदाहरणार्थ एखाद्या शाळेत जाऊन वर्ग ताब्यात घेणं, ते तिथे चालतं कसं? आणि तुम्हाला शिकवता येतं तर मुलांऐवजी तिथल्या शिक्षकांना, काळजीवाहकांना काही देता येईल का? ते तुमच्या नंतरही तिथेच असतात. फोटोबद्दल तर कायदाच आहे. आपल्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख, छायाचित्रासह, प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. इफ्तारीच्या फोटोंनाही तो लागू होतो. यंदाच्या रमजानमध्ये स्टेटस ठेवताना आठवा.

तिने त्याच संध्याकाळी एजन्सीला मेल केला. सहलीच्या तारखा आणि फी भरण्याची मुदत यांची उत्तरं दुसऱ्या दिवशी आली. आईवडिलांबद्दलच्या प्रश्नाला "मुलांच्या खाजगीपणाचा आदर राखून माहिती देता येत नाही" असं उत्तर आलं. ज्यांनी त्याच मुलांची नावं आणि कहाण्या माहितीपत्रकात छापल्या होत्या, त्यांच्याकडून! पोलिस दाखल्याबद्दल काहीच नाही. मग तिने आठवण करून दिली, तेव्हा "सवलतीत सत्तर हजारांत देऊ" असा फोन आला.

फी तिने भरली नाही. गोरखपूरचं तिकीट मात्र रद्द केलेलं नाही. वर्गातली एक मैत्रीण सोबत यायला तयार झाली आहे. दोघी पंधरा दिवस नेपाळ बघणार आहेत, आणि मुलांना घरी पोचवण्याचं काम करणाऱ्या एका गटाने त्यांना दोन दिवस कार्यालयात येऊन बसायला, काम समजून घ्यायला बोलावलं आहे. कागदपत्रं कशी शोधतात ते तिला बघायचं आहे. अब्बांना नवा बेत सांगायचं काम अम्मीने माझ्यावर सोपवलं आहे. येत्या जुम्म्याला मी मिरजेला जातो आहे.